शनवार तेल्यांचा शब्बाथ आणि दर आठवड्याचा पाराशा

अष्टागर

बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी (ज्यू) समाजाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरू होते, त्यातून वाचलेल्या सात स्त्रिया आणि सात पुरुष यांची परंपरागत कथा सांगते, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर या आडनावांचे कौतुक करते आणि नवस फेडताना करायच्या मलिद्याच्या ताटापाशी येऊन थांबते. या लोकांचा आठवडा कसा जातो, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतच्या शब्बाथात, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या घरात आणि प्रार्थनालयात काय चालते, आणि दर आठवड्याला तोराचा, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथाचा, जो ठरलेला भाग (पाराशा) वाचला जातो त्यातून ते कोणता बोध घेतात, याबद्दल मात्र फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. मी या समाजातला नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत माझ्या आजोळचा शेजार बेने इस्राएलांचा होता, एवढाच माझा संबंध; बाकीचे वाचून आणि विचारपूस करून कळलेले आहे. जाणकारांनी भर घालावी.

या समाजाचा कोकणातला मुख्य धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा होता. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, हे बहुतेकांना ठाऊक असते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. हे नाव पडले तेव्हा त्यांच्याजवळ हिब्रू पोथ्या नव्हत्या, ती लिपी वाचणारा कोणी नव्हता आणि प्रार्थनेसाठी वेगळी वास्तूही नव्हती. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, पर आणि खवले असलेलीच मासळी खायची, काही उपास पाळायचे, शनिवारी काम करायचे नाही, आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणायची, एवढी शिदोरी त्यांनी सांभाळली होती. लग्न असो, सुंता असो वा मयत असो, तीच एक प्रार्थना सगळीकडे म्हटली जाई. दाविद राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला, त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, त्यांनी पर-खवल्यांची तेवढी वेगळी काढली, आणि त्यावरून त्याने या लोकांचे मूळ ओळखले, अशी कथा हा समाज आजही सांगतो. तो नेमका कोणत्या शतकात आला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

पहिले प्रार्थनालय १७९६ साली मुंबईत मांडवी भागात उभे राहिले. ते बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. त्यानंतर कोचीनहून शिक्षक आले. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे प्रार्थनालये झाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. म्हणजे दर शनिवारी तोराचा भाग मोठ्याने वाचण्याची रीत या समाजात शनिवार पाळण्याच्या मानाने फार उशिरा रुजली. यावरून काही लेखक असे सांगतात की हे लोक आपला धर्म विसरले होते आणि बाहेरच्यांनी येऊन तो त्यांना परत दिला. मला हे म्हणणे अर्धेच पटते.

पटत नाही ते असे. दहा आज्ञा तोरात दोनदा येतात. ‘निर्गम’ या तिच्या दुसऱ्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाचे कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे : देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलते : तू मिसर देशात गुलाम होतास याची आठवण ठेव. या दुसऱ्या ठिकाणी कोणाकोणाला विसावा द्यायचा याची यादी मुलगा, मुलगी, दास आणि दासी यांच्यावरून पुढे जाऊन बैल आणि गाढवापर्यंत पोहोचते, मग उरलेली गुरे येतात, आणि शेवटी आपल्या वेशीत राहणारा परका येतो. तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासांनाही विश्रांती मिळावी, असा हेतू तेथे स्पष्ट सांगितला आहे. आता घाण्याकडे पाहा. घाण्याला बैल असतो, डोळ्यांवर झापड बांधून तो दिवसभर त्याच वर्तुळात फिरतो, आणि घाणा बंद म्हणजे सर्वांत आधी त्याची सुटका. अनुवादाचा पाचवा अध्याय ज्यांनी कित्येक पिढ्यांत ऐकला नव्हता, त्यांच्या दारातला बैल दर शनिवारी मोकळा उभा असे. पुस्तक नव्हते तेव्हाही पुस्तकातला अवघड भाग पाळला जात होता, याला धर्म विसरणे कसे म्हणायचे?

आता पाराशाविषयी थोडे. तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, वर्षभराच्या वाचनासाठी ५४ भागांत वाटणी केलेली आहे. त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक पाराशा. ज्यू वर्ष कधी बारा तर कधी तेरा महिन्यांचे असल्यामुळे काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचतात. सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ होतो. जगातल्या बहुतेक सर्व प्रार्थनालयांत त्या आठवड्यात तोच भाग चालू असतो. शनिवारी सकाळी त्यासाठी सात जणांना पुढे बोलावतात, त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातला एक उतारा वाचतात, आणि सोमवारी व गुरुवारी सकाळी येत्या शनिवारच्या भागाची सुरुवात तेवढी वाचली जाते. चर्मपत्रावरची ही गुंडाळी हाताने लिहिलेली असते, तिच्यात स्वरचिन्हे नसतात आणि विरामचिन्हेही नसतात. वाचणाऱ्याला उच्चार आणि चाल दोन्ही पाठ असावे लागतात. तो चुकला तर ऐकणारे तेथल्या तेथे दुरुस्त करतात, आणि त्याला पुन्हा म्हणावे लागते. विद्वान असो वा वयस्कर, यातून कोणाची सुटका नाही.

ठाणेकरीण

अष्टागर, धागा काढल्याबद्दल आभार. मी बेने इस्राएल आहे आणि आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याच्या प्रार्थनालयाशी, १८७९ साली बांधलेल्या शाअर हाशामाईमशी, जोडलेले आहे. आपण ग्रंथांवर बरेच लिहिले आहे, म्हणून मी स्वयंपाकघरापासून सुरुवात करते, कारण आमचा शब्बाथ तेथेच सुरू होतो.

गुरुवारी रात्री काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी त्या हाताने कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळल्या की तपकिरी, किंचित आंबूस गोड शरबत निघते. किद्दूश, म्हणजे शब्बाथाच्या आरंभीची आशीर्वादाची प्रार्थना, त्याच्यावर म्हणायची. द्राक्षाची कोशेर, म्हणजे धर्मनियमांना धरून केलेली, दारू कोकणात कोठून मिळणार? फळ तेच आहे, म्हणून मनुकांनी काम भागवले, आणि आता बाटल्या मिळू लागल्या तरी आमच्याकडे शरबतच होते. काचेच्या पेल्यात आधी पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि तेलावर तरंगणारी वात, असा दिवा माझ्या आजीचा होता. मी मेणबत्त्या लावते. दिवा सूर्यास्ताच्या आधीच लागला पाहिजे, कारण त्यानंतर विस्तव पेटवायचा नाही. शनिवारचे जेवणही तोवर शिजवून झालेले असते. मटणाच्या रश्श्याला दही किंवा दूध लावायचे नाही हा आमचा नियम, म्हणून नारळाचे दूध. शेजारच्या घरांतल्या आणि आमच्या रश्श्यात जो फरक असतो तो एवढाच.

मेजावर दोन पाव ठेवायची जी जगभरची रीत आहे, तेथे आमच्या आजीच्या मेजावर दोन चपात्या असत. दोन का, याचे उत्तर ‘बेशाल्लाह’ या पाराशात आहे आणि तुमच्या मुद्द्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. मिसरातून सुटलेले लोक रानात उपाशी आहेत. रोज सकाळी आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, पडतो, ज्याने त्याने त्या दिवसापुरता वेचायचा, साठवला तर त्यात किडे पडतात. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट पडतो आणि तो दुसऱ्या दिवशी नासत नाही, कारण सातव्या दिवशी वेचायला जायचेच नाही. तरीही काही जण जातात आणि त्यांना काही मिळत नाही. आता हे कधी घडते ते पाहा. सिनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळतात त्या पुढच्या आठवड्याच्या पाराशात, ‘यिथ्रो’मध्ये. म्हणजे शब्बाथाची आज्ञा दगडावर कोरली जाण्यापूर्वीच लोक शब्बाथ पाळायला शिकले होते, आणि तेही भुकेच्या निमित्ताने. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘मिश्पातीम’ येतो. तेथे लोक मोशेला उत्तर देतात की आम्ही करू आणि ऐकू; करण्याचा शब्द आधी, ऐकण्याचा नंतर. आमच्या हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, एका वर्षी या तीन आठवड्यांना धरून सांगितले होते की आपले पूर्वज ‘बेशाल्लाह’मध्येच दीड-दोन हजार वर्षे राहिले, ‘यिथ्रो’ त्यांच्यापर्यंत यायला वेळ लागला. मला ते तेव्हा पटले आणि अजून पटते.

एक मात्र खरे की मुंबईत आल्यावर घाणा सुटला आणि नोकरी आली. माझे आजोबा रेल्वेत होते. शनिवारी सुट्टी नसे. ते पहाटे प्रार्थनालयात जाऊन वाचन ऐकत आणि तेथूनच कामावर जात. तेल्याला जे जमले ते कारकुनाला जमले नाही, कारण घाणा त्याच्या मालकीचा होता आणि कचेरी साहेबाच्या मालकीची.

चिकित्सक

धागा माहितीपूर्ण आहे, पण मूळ लेखातील युक्तिवादात एक मोठी फट आहे, ती दाखवल्याशिवाय राहवत नाही. याच मुलखात सोमवार तेलीही होते. ते हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत. महाराष्ट्रात अनेक भागांत सोमवारी औत न धरण्याची रीत शेतकऱ्यांतही होती. म्हणजे आठवड्यातून एकदा बैलाला मोकळे सोडणे ही या प्रदेशाची सर्वसामान्य चाल होती. तेव्हा शनिवारच्या सुट्टीत मोशेच्या आज्ञेचा गाभा टिकून राहिला होता, असे म्हणण्याऐवजी या समाजाने स्थानिक चालीला आपला वार जोडला, असे का म्हणू नये?

दुसरे असे की शब्बाथाच्या नियमांचा शास्त्रार्थ फार तपशिलाचा आहे. तोरात वर्णन केलेल्या निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या मंडपाच्या, बांधकामावरून काढलेल्या ३९ प्रकारच्या कामांना मनाई आहे. पेरणे, कापणी, दळणे, विणणे, लिहिणे, पुसणे, विस्तव पेटवणे, विझवणे, ओझे घेऊन बाहेर जाणे, असे ते प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी उपप्रकार आहेत. हे कोकणातल्या तेल्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने घाणा थांबवला, पण विहिरीवरून पाणी आणले असेल, अंगणातला झावळ्यांचा पसारा आवरला असेल, उन्हात घातलेले वाल गोळा केले असतील. मग शब्बाथ पाळला की मोडला? कोचीनच्या शिक्षकांचे आणि मिशनऱ्यांच्या शाळांचे श्रेय नाकारण्याच्या भरात आपण अज्ञानाचेच गोडवे गात नाही ना, याचा विचार व्हावा.

अष्टागर

चिकित्सक, सोमवार तेल्यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवणे भोवतालच्या लोकांना परिचित होते, म्हणूनच शनिवार पाळणाऱ्यांना कोणी छळले नाही आणि त्यांचा शनिवार टिकला. पण सोमवार ज्यांचा होता त्यांच्यामागे शंकराची देवळे होती, व्रते होती, कहाण्या होत्या. शनिवारी काम बंद ठेवावे असे कोकणात दुसरे कोणी सांगत नव्हते; उलट शनीच्या नावाने तेल वाहण्याचा तो वार, म्हणजे तेल विकणाऱ्याने त्या दिवशी हात आखडता घेणे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाच. धंद्यातल्या सोयीसाठीच चाल उचलायची असती तर सोमवार आयता उपलब्ध होता.

३९ कामांबद्दल : त्यांची मोजदाद मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात आहे आणि मिश्नेचे संपादन इसवी सनाच्या २००च्या सुमारास झाले. बेने इस्राएलांची परंपरा खरी धरली तर त्यांचे पूर्वज त्याच्या पुष्कळ आधी निघाले होते. जो नियम आपण निघाल्यावर लिहिला गेला तो मोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही. आणि शिक्षकांचे श्रेय मी नाकारत नाही. वाचन त्यांनीच आणले. माझा आक्षेप आहे तो ‘विसरले होते’ या क्रियापदाला.

आता ज्या विषयासाठी हा धागा काढला त्याकडे वळतो. पावसाळा सरता सरता ‘की थेत्से’ हा पाराशा येतो. त्यात एकापाठोपाठ एक असे सत्तरच्या वर विधिनिषेध आहेत आणि त्यातले कित्येक अगदी रोजच्या व्यवहारातले आहेत. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल, कोणी पडला तर रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरू नकोस. ती परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी. आणि मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नकोस. येथे पुन्हा बैल आला, चिकित्सक! अध्यात्म म्हणून आपण जे समजतो ते या भागात शोधू गेल्यास हाती लागत नाही. कठडा, मजुरी, पेंढी, मुसके. देवाशी नाते नीट राखायचे तर आधी गवंड्याशी आणि मजुराशी नीट वाग, असा त्याचा रोख आहे, आणि मला तो कोणत्याही ध्यानधारणेपेक्षा कठीण वाटतो.

लोदवासी

मी इस्राएलमधील लोद येथून लिहीत आहे. आईवडील साठच्या दशकात पनवेलहून येथे आले, माझा जन्म येथलाच, मराठी घरात शिकलो आणि लिहायला नंतर स्वतः शिकलो. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, रामला आणि आमचे लोद या गावांत मराठी बोलणारे बेने इस्राएल पुष्कळ आहेत आणि आमची वेगळी प्रार्थनालयेही आहेत.

येथे शब्बाथ पाळायला धैर्य लागत नाही, कारण शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक गावांत बस बंद होते, दुकाने बंद होतात, आणि काम करायचे म्हटले तरी कोठे जाणार? पाराशाची भाषा आमच्या मुलांची बोलीभाषा आहे. तरीही मला असे वाटते की माझ्या आजीला पाराशा जास्त समजत असे. तिला हिब्रू येत नव्हते. तिने अब्राहाम, योसेफ आणि मोशे ऐकले ते मराठी कीर्तनातून. मुंबईत १८८० साली बेने इस्राएलांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि हरदासांच्या धर्तीवर तोरातील आख्याने उभी राहिली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, सगळे तसेच, कथा तेवढी बेरेशीथमधली, म्हणजे तोराच्या पहिल्या ग्रंथातली. भावांनी योसेफला विहिरीत टाकले हे सांगताना आजीचा आवाज भरून येई, आणि आमची मुले तोच प्रसंग परीक्षेच्या प्रश्नासारखा सांगतात.

तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. १९६२ साली येथल्या प्रमुख रब्बींनी आदेश काढला की बेने इस्राएलांशी विवाह लावताना त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. आमच्या लोकांनी त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली संसदेने त्यांची बाजू घेतली आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. शनवार तेली हे नाव ज्यांना शेजाऱ्यांनी दिले, त्यांना स्वतःच्याच लोकांसमोर आपण यहुदी असल्याचा पुरावा द्यावा लागला. आजी म्हणायची, कोकणात आम्हांला कोणी दाखला मागितला नव्हता.

पाटीवरची अक्षरे

लोदवासी यांनी लिहिले ते वाचून वाईट वाटले. पण याच प्रकारचा भेद कोकणातही होता, त्याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. बेने इस्राएलांमध्ये गोरे आणि काळे अशी विभागणी होती. समाजाबाहेरील स्त्रियांपासून झालेली संतती, असे म्हणून ‘काळ्यां’शी ‘गोरे’ बेटीव्यवहार करत नसत आणि प्रार्थनालयातही त्यांना मागे ठेवत. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनी हाच न्याय पुढे सगळ्या बेने इस्राएलांना लावला आणि मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या, दहा जणांत त्यांना मोजायला का-कू केली. दर आठवड्याला जो ग्रंथ वाचला जातो त्यात याविषयी काही आहे की नाही?

ठाणेकरीण

आहे. ‘बेहाअलोथेखा’ या पाराशाच्या शेवटी मिरियम आणि अहरोन ही मोशेची भावंडे त्याच्याविरुद्ध बोलतात, कारण त्याची बायको कूश देशाची, म्हणजे आफ्रिकेकडची. मिरियमचे अंग कोडाने बर्फासारखे पांढरे होते आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागते. गोरेपणाची शिक्षा म्हणून यापेक्षा नेमके काय असू शकेल? हा भाग दर वर्षी वाचला जात होता आणि तरीही गोरे-काळे चालूच होते, हे आम्ही मान्य केले पाहिजे. बगदादी लोकांनी आम्हांला दूर ठेवले याची तक्रार करणाऱ्या आमच्याच घरांत हे घडत होते. जातीच्या मुलखात राहिलो म्हणून ते आले, असे सांगून काही वडीलधारे मोकळे होतात. मला ती सबब वाटते. विसाव्या शतकात हा भेद हळूहळू मावळला आणि आता माझ्या मुलांना ते शब्दही ठाऊक नाहीत.

मघाशी राहिलेले एक सांगते. शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसल्या की हवदाला, म्हणजे शब्बाथाला निरोप देण्याचा विधी, होतो. शरबताचा पेला, सुगंधासाठी लवंगा किंवा सब्जा, आणि दिवा. जीव नव्या आठवड्याला निघताना त्याला वास द्यायचा. त्या वेळी एलियाहू हन्नाबीचे गीत जगभर गातात. कोकणात मात्र हा संदेष्टा आमच्या फार जवळचा झाला. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस बोलायचा तो त्याच्या नावाने, आणि फेडायचा तो मलिदा करून : भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोवलेले खोबरे, वेलची, बाजूला फळे. नवसाची ही भाषा शेजाऱ्यांकडून आली असेल, असे मला वाटते. त्यात कमीपणा मानायचे मला कारण दिसत नाही.

घाटमाथा

दोन प्रश्न आहेत. बाहेरच्या माणसाला शनिवारी सकाळी वाचन ऐकायला बसता येते का? आणि २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या अडीच हजारांच्या आत होती असे वाचले आहे. तसे असेल तर पेण, रेवदंडा अशा गावांत दर आठवड्याचे वाचन होते तरी कसे?

ठाणेकरीण

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : येता येते, पण आधी विश्वस्तांची परवानगी घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउस या मुंबईतल्या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून दाराशी पोलीस असतात. पुरुषांनी डोके झाकावे. शब्बाथाच्या दिवशी आत फोटो काढू नयेत आणि मोबाइल बाहेर काढू नये. स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असते. त्यावरून विचारलेच तर सांगते : डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढली, ती सुधारक पंथाची होती. आमचे ठाण्याचे प्रार्थनालय जुन्या वळणाचे आहे, तेथे मिन्यानमध्ये पुरुषच मोजतात. माझे मत विचाराल तर दहा मोजताना आम्हांला वगळून माणसे कमी पडल्याची तक्रार करणे विचित्र आहे, आणि मी ते सभेत बोललेही आहे.

दुसरे उत्तर : कोकणातल्या सगळ्या गावांत दर आठवड्याला वाचन होत नाही. बहुतेक कुटुंबे इस्राएलला किंवा मुंबई-ठाण्याला गेली. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले नाहीत तर गुंडाळी उघडून आशीर्वादासह वाचता येत नाही. जे असतील ते छापील पुस्तकातून तो भाग आपापला वाचतात आणि दहांशिवाय म्हणता येणाऱ्या प्रार्थना तेवढ्या म्हणतात. सणाला किंवा कोणाच्या वर्षश्राद्धाला मात्र फोनाफोनी होते. शब्बाथाला वाहनाने प्रवास करायचा नसतो, म्हणून मुंबईची मंडळी शुक्रवारी दुपारीच गावी पोहोचतात, नातेवाइकांकडे मुक्काम करतात आणि शनिवारी रात्री परततात. माझ्या भावाला अशा वेळी हमखास बोलावणे येते, कारण त्याला स्वरचिन्हांशिवाय वाचता येते. एरवी त्याला कोणी विचारत नाही.